पटकी नव्हती म्हणून

त्या हिवाळ्यात आमच्या घरात जो आजार शिरला, त्याचे नाव मला अजून कोणी सांगितलेले नाही. पटकी, म्हणजे कॉलरा, नव्हे एवढेच सांगितले. मी जिनिंग कारखान्यात तोलार आहे, म्हणजे कापूस तोलण्याच्या कामावर. तिथे काट्यावर आलेली प्रत्येक गाडी काही ना काही वजनाची भरते. "भरली असेल" म्हणून चालत नाही. त्यामुळे या आजाराचा मला जेवढा त्रास झाला, त्याहून जास्त चीड लोकांच्या मोघम उत्तरांची आली. ती चीड अजून पुरती गेलेली नाही, हे वाचणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे.

औषधपाण्यातले मला कळत नाही. पण तापीकाठी ज्यांच्या चुलीवर नदीतले काही शिजते, आणि ज्यांच्या घरी लेक बाळंतपणाला आलेली आहे, त्यांनी एवढे वाचले तर बरे.

डोहाळे

माझी थोरली मुलगी सुमन पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा महिना चालू होता. तिचे सासर म्हसावदच्या बाजूला. माणसे चांगली, शेती चांगली, पण घर माळकरी. मासळीचे नाव काढायची सोय नाही. आमच्याकडे आल्यावर तिला अन्न जाईना. भाकरी पाहिली की तोंड फिरवायची. एक दिवस आईला म्हणाली, "माय, माले शिंपल्यास्नं कालवण कर ना. त्याच खावाशा वाटतस."

आमच्या गावाला तापी लागून आहे. हिवाळ्यात पाणी उतरले की पात्राच्या मध्यावर वाळू उघडी पडते आणि त्या वाळूत शिंपल्या मिळतात. काशीबाई भोईण त्या वेचून शनिवारच्या बाजारात विके. तिला निरोप गेला तशी ती स्वतः पाटीभर घेऊन दारात आली. सुमनच्या आईने पैसे पुढे केले तर म्हणाली, "पोरले डोहाळा लागनात, त्याना मी पैसा लेऊ का? बाळंत व्हवू दे, मंग लुगडं लेसू."

आता मुद्द्याची गोष्ट. शिंपलीच्या पोटात वाळू असते. ती तशीच शिजवली तर दाताखाली कचकच लागते. म्हणून आमच्याकडे वेचलेल्या शिंपल्या टोपलीत भरून, वर दगड ठेवून, संथ पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवतात. त्या पाणी आत घेतात, बाहेर सोडतात आणि वाळू ओकून साफ होतात. गावाखाली एक डोह आहे. पाणी तिथे हलत नाही, घरापासून जवळ, राखणीला सोपा. काशीबाईची टोपली तिथेच असायची, तिच्या सासूचीही तिथेच असायची. त्याच डोहात वरून गावचा नाला येऊन मिळतो, आणि नाल्याच्या दोन्ही काठांवर सकाळी सारे गाव तांब्या घेऊन बसते. हे सगळ्यांना ठाऊक होते. मलाही होते. नदी आहे, नदीला काय विटाळ, असा सगळ्यांचाच हिशेब.

दुसरी गोष्ट शिजवण्याची. पातेल्यात घोटभर पाणी घालायचे, शिंपल्यांनी तोंड उघडले की लगेच उतरवायचे आणि आतला मांसाचा भाग तयार रश्श्यात सोडायचा. जास्त शिजल्या तर चामड्यासारख्या होतात. सुमनच्या आईचा हात या कामात फार चांगला. शिंपली तोंड उघडते न उघडते तोच पातेले खाली. सुमन पोटभर जेवली. तिला जेवताना पाहून आम्ही दोघेही तेच जेवलो. माझी मोठी बहीण जिजी आमच्याकडे असते, ती मासळी खात नाही. तिने वरण-भात खाल्ला.

काट्यावर

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी काट्यावर उभा होतो. एकाएकी तोंडाला पाणी सुटले, कपाळ गार पडले. आधी वाटले तंबाखू लागली. पुढची गाडी काट्यावर येईपर्यंत मी कुंपणाला धरून ओकत होतो. ओकणे असे की पोटात काही नसताना कोणी आतून पिळून काढावे. घरी आलो तर ओसरीवर सुमनची आई त्याच अवस्थेत आणि आत सुमन. पुढचे वर्णन करीत नाही. उलटी आणि जुलाब एकाच वेळी सुरू झाले की माणसाची लाज दोन तासांत संपते, एवढे लिहितो.

घरात उभी असलेली एकटी जिजी. तिने घर सावरले, हे मी नाकारत नाही. पण तिने सगळ्यांचे पाणी बंद केले. आमच्याकडे हीच रीत आहे. पाणी पोटात गेले की पुन्हा उलटी होते, म्हणून पाणी द्यायचे नाही. सुमनचे ओठ फाटले होते. जिजी ओले फडके तिच्या ओठांवरून फिरवायची आणि बाजूला ठेवायची.

मी म्हणालो, "जिजी, तिले घोटभर पानी दे."

"तू गप पड. पानी दिधं का परत वकी ती. पोटमा लेकरू शे, जोर लागी ऱ्हायना तिले."

तेवढ्यात शेजारच्या जमनाबेन आल्या. गुजर घर, केळीची बागायत. कांदासुद्धा चातुर्मासात बंद. त्यांनी नाकाला पदर लावला नाही. खाली पडलेली आमची सगळी चिरगुटे, गोधड्या उचलल्या, स्वतःच्या घंगाळात टाकल्या आणि सुमनकडे पाहून म्हणाल्या, "जिजी, पानी बंद करं ते केळी बी वाकी जास. ही ते पोर शे."

"केळी वकत नई," जिजी म्हणाली.

 जमनाबेननी सरळ माठातून तांब्या भरला, त्यात चिमूट मीठ आणि गुळाचा खडा टाकला आणि चमच्याने सुमनच्या तोंडात घालू लागल्या. मग नवऱ्याला हाक मारून गाडी जुंपायला लावली. आम्ही तिघे कडब्यावर आडवे झालो आणि तालुक्याच्या दवाखान्याला निघालो.

पटकीचा मान

दवाखान्यात पहिला शब्द उठला तो पटकीचा. तो शब्द उठताच केवढी धावपळ! पायऱ्यांवर चुना पडला. आमच्या खाटा वेगळ्या लावल्या. आरोग्य खात्याचे निरीक्षक साहेब संध्याकाळच्या आत सायकलला जंतुनाशक पावडरचे पोते बांधून हजर. त्यांनी मला विचारले, विहिरी किती, लोक किती, नदी कुठल्या अंगाला. मला धीर आला. वाटले, कोणीतरी मोजमाप करणारा माणूस भेटला.

गावाकडून आलेल्या माणसांकडून जे कळले ते धरून मी त्यांना सगळे सांगितले. त्या आठवड्यात काशीबाईच्या टोपलीतल्या शिंपल्या पाच घरांत गेल्या होत्या आणि पाचही घरे आडवी होती. तिच्या बहिणीने त्याच वाळूतल्या शिंपल्या वेचल्या त्याच सकाळी कोरीट गावात विकल्या, त्या डोहात बुडाल्या नव्हत्या. तिकडे एकही माणूस आजारी नव्हता. म्हणजे दोष शिंपलीचा नाही, वाळूचा नाही. दोष डोहातल्या पाण्याचा.

साहेब ऐकत होते. पण तपासणीचा निकाल आला, पटकी नाही. डॉक्टर तरुण होते, प्रामाणिक होते. ते म्हणाले, "ही पटकी नव्हे. दुसरे काहीतरी आहे, ते काय हे मला सांगता येणार नाही. पाणी भरून काढायचे, एवढेच आपल्या हातात." मला ते उत्तर आवडले. साहेबांना मात्र फारच आवडले. त्यांनी पोते पुन्हा सायकलला बांधायला घेतले.

मी खाटेवरून म्हणालो, "साहेब, त्या डोहाचे काय?"

"पटकी असती तर डोहावर शिपाई बसवला असता. विहिरीत पावडर टाकली असती. पटकी नाही ना आता."

"माझी गरोदर मुलगी पलीकडे पडली आहे. हे मग काय आहे?"

"अजीर्ण," साहेब म्हणाले. "शिंपल्या बाधल्या. खाऊ नका."

पोते गेले. झाडूवाल्याने चुना झाडून काढला. आम्ही मेलो असतो तर कदाचित आमची दखल राहिली असती, असे त्या वेळी मनात आले आणि तो विचार चांगला नव्हता.

"बरी शे"

पुरुषांची खोली एका अंगाला, बायकांची समोर, मध्ये अंगण. माझ्यात अंगण ओलांडण्याचे त्राण नव्हते. सुमनच्या आईच्या दुखण्याचा जोर माझ्यापेक्षा लवकर ओसरला, तेव्हा ती सुमनच्या खाटेजवळ बसे आणि मधून मधून माझ्या दाराशी येई.

"कशी आहे?"

"बरी शे."

"बरी म्हणजे? पाणी किती गेलं पोटात?"

"पेयनी थोडं."

"थोडं म्हणजे किती? पेला, अर्धा पेला? लघवी किती वेळा झाली?"

ती दाराबाहेर पाहू लागली. "बाप शेत तुम्ही तिना. अशा इचारतस का?"

डॉक्टरांनी मला समजावले होते की अंगात पाणी उरले आहे की नाही ते लघवीवरूनच कळते; पाण्याची बाटली शिरेतून चढत होती, ती पुरते का तेही त्यावरच. म्हणून मला तोच आकडा हवा होता, आणि तोच मला कोणी देईना. भेटायला आलेले नातेवाईकही तसेच. "बरी शे." "काळजी करू नका." "देव शे." माझ्या शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "भाऊ, बरी शे म्हनतस ना, मंग झोप ना!" त्याला काय सांगू? बरी असलेल्या माणसाजवळून येणारी बाई दारात येऊन पदराने डोळे पुसत नाही.

शेवटी मी तिला खाटेवर बसवले आणि विचारले, काय लपवतेस? तेव्हा ती म्हणाली, "कालपासून पोट हालनं नई."

 माझ्याकडे तेव्हा विचारायला आकडा नव्हता.

विहीणबाई

त्याच सकाळी सुमनच्या सासूबाई गाडी घेऊन आल्या. बरोबर जावई रघुनाथ. शिंपल्यांची बातमी त्यांच्या गावापर्यंत पोचली होती. त्या बायकांच्या खोलीत शिरल्या, आणि त्यांचा आवाज अंगण ओलांडून माझ्यापर्यंत आला.

"आमना घरमा माळ शे, आन आमनी सूनले शिंपल्या खावाडतस! देवनी दाखाडी दिधं. ऊठ सुमन. गाडी भायेर उभी शे. आमना वैद्य देखी काय ते."

डॉक्टर गावात कुठे तरी गेले होते. मी भिंतीला धरून उठलो. अंगण ओलांडताना एकदा खाली बसलो, पुन्हा उठलो. दारातून पाहिले तर सुमन डोळे मिटून होती, हाताला सुई होती, वरची बाटली निम्म्याहून भरलेली होती आणि विहीणबाई तिच्या पायाकडची गोधडी घडी करीत होत्या. रघुनाथ कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा.

मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे कसे बोलावे याची आमच्यात शिस्त आहे. मी ती लग्नात पाळली, सणावाराला पाळली. मानपान कमी पडला तेव्हा मान खाली घालून ऐकूनही घेतले. त्या सकाळी मी म्हणालो, "ती उठाव नई."

"काय म्हनात?"

"गाडीना हादरामा ही पोर मरी जाई. लेकरू बी. बाटली संपत नई तवलोंग खाटले कोनी हात लावाना नई."

"याही, कोनसंगे बोली ऱ्हायनात तुम्ही?"

"तुमनासंगेच," मी म्हणालो आणि सुमनच्या खाटेच्या कडेवर बसलो. बसलो म्हणजे पाय गेले म्हणून बसलो, पण त्यांना तो हट्ट वाटला असावा.

त्यांनी गोधडी खाली टाकली. "मंग ऱ्हावू द्या. लेक बी तुमनी, नातू बी तुमना. आमना दारले आते येऊ नका." रघुनाथ आईच्या मागोमाग गेला. दारात थांबला, सुमनकडे पाहिले आणि गेला.

सुमनची आई माझ्यावर ओरडली नाही. तिने ओरडायला हवे होते. ती फक्त म्हणाली, "आते काय कराना?"  मी मुलीला वाचवत होतो की तिचा संसार मोडत होतो, हे मला तेव्हा खरोखरच माहीत नव्हते.

दुपारी मी परत माझ्या खाटेवर पडलो होतो. तिथली परिचारिका, सगळे तिला सिस्टर म्हणत, आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि साऱ्या पुरुषांसमोर मोठ्याने म्हणाली, "तोलारकाका, दोनदा झाली. चांगली भरपूर. लिहून घ्या!" खोलीत हशा पिकला. शेजारचा म्हातारा खोकेपर्यंत हसला. मीही हसलो आणि मग मला हुंदका आला. सिस्टर जाता जाता मागे वळली, आवाज उतरवून म्हणाली, "आणि लाथ मारली. मी हात ठेवून पाहिलं."

जमनाबेनचे काय झाले

आम्ही घरी परतलो तेव्हा जमनाबेन अंथरुणावर होत्या. तेच दुखणे, तीच पिळवणूक. आयुष्यात मासळीला हात न लावलेली ही बाई आमची चिरगुटे धुऊन आजारी पडली. माझ्यासारख्याला यातून एकच अर्थ निघतो. हा रोग ताटातून येतो तसा हातातून आणि कपड्यातूनही येतो. गावाला मात्र वेगळा अर्थ निघाला. जमनाबेननी चोरून रस्सा खाल्ला!

पाणवठ्यावर बायका त्यांच्या सुनेला विचारायच्या, "का वं, तुन्ही सासूले रस्सा तिखट लागना का?" घरच्यांनी त्यांचे ताट वेगळे केले, देवघरात येऊ दिले नाही. मी घरोघर जाऊन सांगितले की त्यांनी खाल्ले नाही, त्यांनी फक्त आमची घाण काढली. लोक मान हलवत आणि हसत. जितके जास्त सांगावे तितका संशय वाढे. शेवटी मी त्यांच्याच ओसरीवर जाऊन हात जोडले.

जमनाबेन म्हणाल्या, "ऱ्हावू द्या नाना. आते मी नई खादं तरी खादंच. खाईसन पडती ते बरं व्हतं, चव ते समजती!"

त्या हसल्या. मला आजतागायत त्यावर हसता आलेले नाही.

काशीबाईचे त्याहून वाईट झाले. तिच्या हातच्या मालाला कोणी शिवेना. तिला मी म्हणालो, तुझ्या शिंपल्या चांगल्या आहेत, डोह वाईट आहे. टोपली नाला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या वाहत्या पाण्यात ठेव. ती म्हणाली, "वरे कोन राखी? कुत्रा ओढी लई जातीन, नई ते मानसं." तरी तिने टोपली काही दिवस वर नेली. दोनदा चोरीला गेली. गावच्या पंचांना मी विनवले की निदान नाल्याचा काठ तरी सोडा, बसायला दुसरी जागा करा. पंच म्हणाले, "आमना बापजादा तठेच बसेत." टोपली पुन्हा डोहात आली. लोकही पुन्हा घेऊ लागले. विसरायला एक उन्हाळा पुरला.

म्हणून माझ्याकडून जेवढे सांगता येते तेवढे सांगतो. डोहातली शिंपली घेऊच नका. वाळूतलीच आणा, वाळू ओकायला घरच्या विहिरीच्या पाण्यात ठेवा. तोंड उघडले म्हणून उतरवू नका, खळखळ उकळू द्या. चामडे झाली तर चामडे खा. घरात असा आजार आला तर आजाऱ्याचे पाणी बंद करू नका. उलटी झाली तरी थोडे थांबून चमच्याने पुन्हा द्या. चिरगुटे उकळत्या पाण्यात टाका आणि ज्याने ती उचलली त्याने राखेने किंवा साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत, मगच भाकरीला हात लावावा. आणि पटकी नाही असे कोणी सांगितले तर हायसे वाटू देऊ नका. जे आहे ते काय आहे, हे विचारत राहा.

गाडी

सुमनला दिवस भरून मुलगा झाला. अंगाने बेताचा, आवाजाने दांडगा. बारशाला सासरहून कोणी आले नाही. आमंत्रण द्यायला गेलेला माणूस दारातूनच परत आला.  सुमन मुलाला मांडीवर घेऊन ओसरीत बसे आणि रस्त्यावर गाडीची घुंगरे वाजली की मान वर करी. तिची आई हे पाही, आणि मग मी ते पाही. मी मनाशी ठरवून टाकले होते. माझे बोलणे खरे होते, पण खरेपणावर लेकीचा संसार चालत नाही. जावे, पाय धरावेत, मोकळे व्हावे.

जायची वेळ आली नाही. एक दिवस रघुनाथच गाडी घेऊन आला. पाणी घेतले, मुलाकडे पाहिले, उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, माय म्हने लई ये. पन तुम्ही बी चला. दोन शब्द बोला तिनासंगे. मंग काही नई."

"येतो," मी म्हणालो. "आत्ता येतो. इथंच तुमच्यापुढेही..." आणि मी हात जोडायला वर केले.

सुमन आतून आली. ट्रंक तिने केव्हाच भरून ठेवली होती, हे आम्हाला तेव्हा कळले. ती नवऱ्याला म्हणाली, "नाना माफी मांगाव नई. त्यास्नी मांगी ते मी गाडीमा बसाव नई. खाटवर मी पडेल व्हतू, माले माहीत शे कोन उठाडत व्हतं आन कोन बसेल व्हतं."

 रघुनाथने मुलाला उचलले, अवघडून, डोके नीट न धरता, आणि म्हणाला, "मंग बस. मायले काय सांगानं ते मी सांगस."

मी हात तसेच खाली सोडले आणि तिची ट्रंक उचलून गाडीत ठेवली.